किंमत सांगून झाल्यावर

आकडा सांगायचा
आणि गप्प बसायचं.
एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली.

आधी मी आकडा सांगून लगेच बोलत सुटायचे:
म्हणजे, थोडं कमी होईल,
म्हणजे, कातड्याऐवजी कापड घेतलं तर,
म्हणजे, तुम्हाला घाई नसेल तर…
गिऱ्हाईक अजून चष्माच पुसत असायचं
आणि मी तोवर स्वतःला निम्म्यावर आणलेलं.

तार्तू गावात, नदीमागच्या दुसऱ्या गल्लीत
पाच पायऱ्या उतरून माझं दुकान.
पाटीवर एवढंच : उर्वे, पुस्तकबांधणी.
खिडकीतून माणसांचे फक्त बूट दिसतात.
एकोणीस हिवाळे मी बुटांवरून ओळखत आलेय
कोण आत येणार
आणि कोण नुसतं दिव्याखाली थांबून
किल्ली शोधतंय.

पहिल्या जानेवारीत वाटीतली खळ गोठली.
आईचा फोन आला, किती सुटले?
म्हटलं, खूप शिकतेय.
ती म्हणाली, शिकलेलं शेगडीत घालता येतं का?
दुसऱ्या दिवशीच्या बसने बटाट्यांचं पोतं आलं,
तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, माझी जुनी लोकरी पायतणं.

लग्नांचे अल्बम मला कधीच आवडले नाहीत.
पांढरं रेशीम, सोनेरी अक्षरं, वर एक कबुतर.
सत्तर तरी कबुतरं उमटवली असतील.
भाडं त्यांनीच भरलं, हे इथे लिहून ठेवते,
नाहीतर पुढे मी ते विसरल्याचं सोंग करीन.

आणि तो आक्सेल, व्होरूहून आलेला.
आईची पाककृतींची वही, कणा तुटलेला, पानं तेलकट.
तीन आठवडे मी एकेक पान धुतलं, वाळवलं,
पातळ कागदाने सांधलं.
इतकं नेटकं काम आधी हातून झालं नव्हतं.
त्याने वही उघडली. पानं उलटली.
एका पानावर थांबून
तळवा कागदावरून फिरवत राहिला.
इथे बीटाचा डाग होता, म्हणाला.
तिच्या अंगठ्याचा.

पैसे पूर्ण दिले. आभारही मानले.
पुन्हा कधी आला नाही.
त्या नोटा मी वेगळ्या पाकिटात ठेवल्या,
अजून आहेत, क्रोनच्या.
ते चलन गेलं त्यालाही बरीच वर्षं झाली.
तेव्हापासून कुणी काही घेऊन आलं
की पहिला प्रश्न हाच :
यातलं काय जाऊ द्यायचं नाही?
बहुतेकांना पटकन सांगता येत नाही.
मग मी चहा टाकते.

मारित माझ्याकडे चार वर्षं शिकली
आणि पुलापलीकडे स्वतःचं दुकान टाकलं.
दोन वर्षं आम्ही बाजारात
एकमेकींच्या टोपल्यांत काय आहे ते पाहिलं,
तोंडाकडे पाहिलं नाही.
मग बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं.
विद्यापीठाचे चाळीस प्रबंध, मुदत शुक्रवारची.
ती आली. कोट न काढताच सुईत दोरा ओवला,
दोऱ्याला मेण लावलं,
माझ्यासारखंच, दोनदा.
गुरुवारी रात्री काम संपलं.
मी विचारलं, किती द्यायचे?

तिने आकडा सांगितला
आणि गप्प बसली.

घड्याळ ऐकू येत होतं.
मी डाव्या हाताने नोटा मोजल्या, पूर्ण.
पोरगी माझ्यापेक्षा सात वर्षं आधी शिकली.
दार लागल्यावर एकटीच हसले,
आणि मनगट ठणकलं.

माझी स्वतःची हिशेबाची वही मात्र
अजून सुटी आहे, रबर लावून
पावाच्या डब्यात.
करवाल्या बाई दरवर्षी तिच्याकडे पाहतात,
मग माझ्याकडे,
आणि काही बोलत नाहीत.

आत्ता खिडकीत एक बुटांची जोडी थांबलीय.
तपकिरी, डाव्याची नाडी सुटलेली.
येईल. किंवा नाडी बांधून जाईल.
मी खळ ढवळतेय,
थांबलं की गुठळ्या होतात.