रिकामा रकाना

ऑक्टोबरात आमच्या पुलाला गुलाबी दिवे लावतात.
डुलुथचा उचलता पूल, सरोवराच्या तोंडाशी.
बोट आली की अख्खा रस्ता सरळ वर जातो
आणि गाड्या मुकाट थांबतात.

व्हर्ना हापालानं तो एकवीस वर्षं उचलला.
मी सहा. शिकलो तिच्याकडूनच:
बोट देते एक लांब भोंगा, दोन आखूड.
आपणही तेवढेच द्यायचे. उधारी ठेवायची नाही.
मग वहीत लिहायचं: नाव, वेळ,
कुठून आली, कुठे निघाली, पोटात काय.
"रकाना रिकामा दिसला," ती म्हणायची,
"तर समजायचं, पाळीवरचा माणूस झोपला होता."

सात वर्षांमागे तिचा डावा स्तन काढला.
डॉक्टर म्हणाले, सुटलात.
केक मीच आणला होता, वर साखरेची रिबन.
मग एका फेब्रुवारीत, सरोवर गोठलेलं, बोटी बंद,
केबिनचा जिना चढताना तिचा खुबा दुखला.
तिला वाटलं थंडी.
मलाही वाटलं थंडी. मी मलम दिलं.

हाडात होता. नंतर यकृतात एक ठिपका.
स्तनातलाच, पण आता स्तनात नसलेला.
"भोंगा न देता गेली रे बोट," ती म्हणाली,
"आणि वहीत नोंद नाही."

त्या वर्षीच्या पदयात्रेत बिल्ले वाटत होते,
पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा.
टेबलामागच्या मुलीनं गोड विचारलं,
"तुम्ही किती वर्षं मुक्त?"
"मुक्त नाही गं. मी चालू आहे."
मुलीनं खोका तळापर्यंत चाळला.
तसला बिल्ला नव्हता. तिनं एक गुलाबी पेन दिलं.
पेन बरं आहे. मी अजून वापरतो.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना कालव्याच्या कठड्याशी बसली,
कॉफीचा रिकामा डबा आणि पुठ्ठ्यावर तिचं किरटं अक्षर:
"पसरलेल्या कॅन्सरच्या संशोधनासाठी.
जागृती पुरे. रात्री तीनला मी जागीच असते.
पैसे टाका."

एकजण म्हणाला, पोरंबाळं येतात इथे, हे कशाला.
एका बाईनं मिठी मारली, डब्यात काही टाकलं नाही.
व्हर्ना ज्याला त्याला सांगत राहिली:
पेशी निघते कधी, वाटेत कुठे थांबते,
हाडात वर्षानुवर्षं झोपते आणि तिला उठवतं कोण,
हे कुणीतरी रात्र-रात्र बसून लिहायला हवं.
त्या माणसाला पगार लागतो. हीटर लागतो.
दिव्यांचं बिल तर आपण भरतोच की.

नोव्हेंबरात एक पाकीट आलं,
लोहखनिजाच्या एका बोटीवरच्या खानसाम्याकडून.
बावीस जणांनी मिळून चारशे अठरा डॉलर,
नोटांवर खनिजाची धूळ, गंजासारखी लाल.
बँकेतल्या बाईनं बोटं पुसली.
"गुलाबी नाहीत," व्हर्ना म्हणाली. इतकी खूश
मी तिला त्या वर्षात पाहिली नव्हती.

तिनं प्रयोगशाळेत फोन लावला,
चारशे अठरा डॉलरमध्ये काय येतं?
पलीकडचा पोरगा घुटमळला. खोटं बोलला नाही बिचारा.
"एक दुपार," म्हणाला. "सूक्ष्मदर्शकाची. साधारण."
व्हर्नानं वही ओढली, तारीख घातली,
आणि 'पोटात काय' या रकान्यात लिहिलं:
एक दुपार.

दर तीन महिन्यांनी स्कॅन. आज आहे.
इस्पितळ टेकडीवर, तिथल्या खिडकीतून पूल दिसतो.
चार वाजून दहा मिनिटांनी एक बोट आत आली,
एक लांब, दोन आखूड.
मी उत्तर दिलं, रस्ता खाली आणला,
तोच फोन वाजला.
निकालाचं काही बोलली नाही.
"तुझा दुसरा आखूड," ती म्हणाली,
"फार लांबला."