भाग तीनशे बारावा

उद्यमनगरात सोमवारी सुट्टी,
म्हणून सोमवारी रेकॉर्डिंग.
फौंड्री गप्प, लेथ गप्प, वीजही गेलेली,
लॅपटॉपच्या बॅटरीत दोन तास दहा मिनिटं
आणि भिंतीवर टांगलेल्या तीन सोलापुरी चादरी,
आवाज आपटून परत येऊ नये म्हणून.

नऊ वर्षं झाली.
पहिल्या भागात मी 'ब्रँड' हा शब्द एकोणीस वेळा म्हणाले होते,
परवा मोजले.
आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा वाटतो,
पुण्याहून नुकतीच परतलेली, घाईत,
कोल्हापूरला काहीतरी शिकवायला निघालेली.

कोण कोण येऊन बसलं या प्लास्टिकच्या खुर्चीत.
सुलक्षणा मगदूम, जिनं चटणीच्या बरणीवर सासूचा फोटो छापला
आणि सासूनं बरणीमागं दोन रुपये मागितले.
इरफान मुजावर, पायताणाची करकर विकणारा,
"मॅडम, चामडं काय, सगळेच विकतात."
एक पोरगा, नाव नको म्हणाला,
दुकानांसाठी खोटे अभिप्राय लिहायचा,
पन्नासला एक;
शुद्धलेखनाच्या चुका मुद्दाम घालायच्या तर पाच रुपये जास्त.

आणि बाळगोंडा चौगुले, गुळाचे अडते, वय सत्त्याहत्तर.
माइककडं बघून म्हणाले,
"ह्यात बोलायचं? आमच्यात भाव बोलत नसत्यात."
खांद्यावरचा टॉवेल काढला,
माझा हात त्याखाली घेतला
आणि बोटं दाबली. एक, दोन, मग अर्धं.
शाहूपुरीच्या सौद्यात असंच चालायचं म्हणे,
भोवती शंभर माणसं
आणि भाव फक्त दोन हातांना ठाऊक.
रेकॉर्डिंगमध्ये तिथं अकरा सेकंद काहीच नाही.
मी ते कापले.

मी सगळंच कापते.
'अं', 'म्हणजे', खोकला, गिळलेला आवंढा.
'कचरा' नावाचं फोल्डर आहे,
त्यात आता चार तासांची शांतता साठलीय.

शेवटचा प्रश्न ठरलेला:
विकायला नको होतं, तरी विकलं, असं काय?
लोक हसतात. पाणी मागतात.
मग सांगतात एकदाचं, आणि मी 'वा' म्हणते,
जणू त्यांनी तान घेतली.

गेल्या महिन्यात गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
हातात पेला घेतलेला एक माणूस वळला,
"तुमी त्या 'भाव काय'वाल्या न्हवं? आवाजावरनं वळकलं.
एक इचारू? सगळ्यांस्नी इचारता.
तुमी काय इकलं?"
त्याच्यामागं म्हैस उभी. धार थेट पेल्यात.
फेस वर आला, तो प्यायला, ओठ पुसले, गेला.
त्या व्यवहारात माझ्यासारखीला कुठं जागाच नव्हती.

तर आज पाहुणा नाही.
खुर्ची रिकामी, माइक माझ्याकडंच वळवलाय.
अकरा वर्षांपूर्वी एका गुळाच्या खोक्यावर
मी ओळ लिहिली होती: मातीशी इमान.
गूळ पिवळाधमक होता.
घरचा गूळ तांबूस-काळपट असतो,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं,
मलाही कळत होतं.
त्या ओळीनं माझं अकरा महिन्यांचं भाडं भरलं.
ओळ चांगली होती. अजूनही चांगली वाटते,
त्रास त्याचाच आहे.

बाळगोंडाअप्पांना ठाऊक होतं का?
टॉवेलाखाली ते अर्धं बोट
त्यांनी जरा जास्त वेळ धरलं होतं,
असं आता वाटतं. तपासायचं कसं?
कचऱ्यात शोधलं. अकरा सेकंद सापडले.
ऐकले. पुन्हा ऐकले.
कपड्याची सळसळ, आणि दोन माणसांचा श्वास.

बॅटरी नऊ टक्के.
मघाशी प्रश्न विचारून झालाय,
उत्तरही बहुतेक दिलंय,
आता नुसती बसलेय, आणि लाल आकडे पुढं सरकतायत.
अचानक वीज येते.
पंखा आपसूक फिरायला लागतो,
त्याची घरघर भागात येणार.
येऊ दे.