पाणी पांढरं आहे तोवर

ओर्लेमचा फर्नांडिस म्हणाला, काळा मारून टाक.
विकायचीच आहे.
बॉनेट टेम्पोतून आणलं होतं, गोधडीत गुंडाळून,
आणि उतरवताना दोन्ही हातांनी धरलं होतं,
विकायची वस्तू कुणी असं धरत नाही.

कार्बन फायबर. वजन म्हणाल तर
लग्नातल्या मोठ्या परातीएवढं.
आठ उन्हाळे उघड्यावर काढलेले.
लॅकर पिवळा पडलेला, कडेला पापुद्रे,
मधोमध पांढरट धुकं,
खाली विणलेलं काहीतरी आहे, इतकंच कळायचं.

कलिन्याला आमच्या गल्लीत दिवसा गन चालवत नाहीत.
मेट्रोची धूळ, समोरच्याचा ग्राइंडर.
दिवसा फक्त घासायचं.
आठशे नंबर, बाराशे, मग दोन हजार,
बादलीत कागद भिजत, पाण्यात शाम्पूची अर्धी पुडी.
हसनमियां तुंगेकरांनी सात वर्षांत
शिकवलं म्हणावं असं हे एकच:
पाणी पांढरं आहे तोवर घास.
काळं आलं की हात उचल.
पांढरा तो लॅकर, काळा तो धागा.
लॅकर दुकानात मिळतो.

दुपारपर्यंत वीण वर आली.
दोनावर दोन, तिरपी.
इकडून पाहिलं तर काळी,
एक पाऊल सरकलं की तीच राखाडी,
बांगड्याच्या पाठीसारखी.
काळ्या रंगाचा डबा मी उघडलाच नाही.

शेजारी घोसाळकर वेताच्या खुर्च्या विणतो.
त्याला जन्मापासून दिसत नाही.
म्हटलं, जरा बघा.
बघण्याआधी तो बोटं लेंग्याला पुसतो.
"हे आमचंच काम की," म्हणाला,
"वेत तेवढा जळका."
मग स्कूपच्या डावीकडे थांबला.
पुढे गेला. परत आला.
"इथं कुणीतरी घाई केलीय."

मी दिवा आडवा धरला.
रुपयाएवढा फुगवटा, जुन्या दुरुस्तीचा.
आत, रेझिनमध्ये अडकलेला
अर्धा अंगठा,
रेघा, आणि रेघांना छेदून गेलेली एक आडवी फट.

पत्रा लागला होता मला, सतराव्या वर्षी. डावा हात.
मोबाईल अजूनही हा अंगठा ओळखत नाही.

गाडी आठवत नाही. मालक आठवत नाही.
शनिवार आठवतो.
रेझिन सुकायला अजून दोन तास होते
आणि मला कुठेतरी जायचं होतं,
कुठे, तेही आठवत नाही आता.
वरून लॅकर मारला, कुणाला कळतंय म्हणालो.
तुंगेकर नमाजाला गेलेले.

"कोण असेल?" घोसाळकरने विचारलं.
"असेल कुणी पोरगा," मी म्हणालो.
त्याने मान हलवली
आणि माझा आवाज आला त्या बाजूला
जरा जास्तच वेळ तोंड करून बसला.

फुगवटा उतरवायला घेतला. पांढरं. पांढरं.
मग पाण्यात एक करडी रेघ.
हात उचलला.
अंगठा अर्धा गेला, अर्धा राहिला.

रात्री एकला फरशीवर पाणी शिंपडलं, धूळ बसवली.
डोक्यावरून विमानं उतरत होती,
त्यांचेही पंख म्हणे याच कापडाचे.
पहिला हात पातळ, दुसरा ओला.
तिसऱ्याला एक चिलट येऊन चिकटलं,
सुईने काढलं.
तिथला खळगा मला दिसतो, तुम्हाला दिसणार नाही.

फर्नांडिस आला. बराच वेळ काही बोलला नाही.
"काळा नाय मारलास?"
"पैसे तेवढेच."
त्याने वाकून स्वतःचं तोंड त्यात बघितलं,
मग नुसतीच वीण.
"झाकून ठेवू काय?"
"महिनाभर नको. श्वास घेऊ दे."
"महिनाभर," तो म्हणाला,
गिऱ्हाईक कधी येणार ते बोलला नाही.

गोधडी त्याने मागितली नाही.
तिच्यावर आता घोसाळकर बसतो,
आणि अधूनमधून, वेत भिजत असताना,
बोटांनी टाके मोजतो.