मधला रकाना

सड्यावरची खोली. खिडकीखाली मुरगाव बंदर,
पडद्यावर चिनी वाक्यं.
दर ओळीत मधोमध तोच एक शब्द उभा,
डावीकडे चार-पाच शब्द, उजवीकडे चार-पाच,
बाकीचं वाक्य कापलेलं.
कोण बोललं, कुणाला, मग काय झालं,
या कामात विचारायचं नसतं.

पूर्वी मी धक्क्यावर दुभाषी होते.
खनिज न्यायला आलेल्या कप्तानाला
ओलावा किती टक्के, एवढं सांगता यावं म्हणून
पाच वर्षं चिनी शिकले.
खाणी बंद पडल्या. टोपीवरची तांबडी धूळ
धुऊनही शिवणीत राहिली.
आता ओळीमागे दीड रुपया.

या महिन्याचं क्रियापद : शोधणे.
त्यांच्याकडे दोन, झाओ आणि श्युन.
शब्दकोश म्हणतो, अर्थ एकच.
शब्दकोशाचं काय जातं!
मी तीन हजार ओळी वाचल्या, शेजार मोजला.
झाओच्या उजव्या हाताला किल्ली, नोकरी, डॉक्टर,
भाड्याची खोली, भांडायला निमित्त.
श्युनच्या उजव्या हाताला मूळ, स्वप्न,
ताटातूट झालेलं रक्ताचं माणूस
आणि, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, मरण.
आपणही चष्मा हुडकतो,
मोक्ष कुणी हुडकत नाही.

झाओचं आणखी एक,
दुकानदार मोड परत देतो तेव्हाही झाओच.
ते मी 'वेगळा अर्थ' अशी खूण करून बाजूला टाकलं
आणि पुढे गेले.

शनिवारी पिएदाद आली,
खारीवाड्याहून चढ चढून, पायी.
पिशवीत सुके बांगडे, त्यांखाली कोरा कागद.
तिचा कायतान तारवटी.
इथूनच खनिजाच्या बोटीवर चढला,
छिंगताओला उतरला, एवढंच ठाऊक.
चौदा महिने झाले.
एजंटाचा फोन लागतो, एजंट लागत नाही.
"तांच्या भाशेंत बरय," म्हणाली,
"हांव ताका सोदतां."

हात आपोआप श्युनकडे गेला.
हरवलेल्या माणसाची जाहिरात तिकडे त्याच शब्दाने सुरू होते,
भिंतीवर, विजेच्या खांबावर, खाली फोटो.
माझ्या ओळींतही त्या जाहिराती होत्या,
आणि फोन नंबर यायच्या आधीच
ओळ संपत होती.

पेन खाली ठेवलं. मोजणी पुन्हा उघडली.
झाओला लागून दाओ येतो. दाओ म्हणजे पोचणे.
दोघं मिळून : सापडलं.
पाच ओळींत एकदा तरी येतोच.
श्युनपाशी क्वचित,
आला तरी पुस्तकातल्यासारखा, बूट काढून.

"कितें सोदता गो?" पिएदादने विचारलं.
"शोधणे," मी म्हटलं.
तिला ती थट्टा वाटली, हसली,
चौदा महिन्यांत हसली असेल-नसेल.

झाओ लिहिलं.
मग एका अक्षराची जागा कोरी सोडली,
मग कायतानचं नाव, आमच्याच उच्चारांनी,
तिकडच्या तीन अक्षरांत कोंबून.
मधली जागा त्यांना चूक वाटेल. वाटू दे.

तिने चिनीतच वाचून घेतलं, डोळे मिटून,
आणि मधला तेवढा शब्द जिभेवर धरला.
"झाओ. सोदप तें हें?"
"हय. शिवाय दुकानात पैसे दिल्यावर
उरलेले परत देतात, त्यालाही हेच म्हणतात."
बराच वेळ ती बंदराकडे पाहत राहिली.
एक क्रेन होती, हलत नव्हती.
"तर उरलां तें दिवंदी," म्हणाली.

मग, "कितले जाले?"
मी नको म्हटलं. ती फुकटचं घेणारी नव्हे.
ओळीमागे दीड रुपया, मी भीत भीत सांगितलं,
आणि ओळी चार.
तिने दहाची नोट टेबलावर ठेवली, बांगड्यांशेजारी,
आणि तशीच उभी राहिली.

मी खण उघडून
चार रुपये शोधू लागले.