धूर मोजताना

या गावाला बाहेरून एक खिडकी नाही.
घरांच्या पाठी एकमेकींना जुळवून
त्यांचाच तट केलाय, काही शतकांपूर्वी,
समुद्रावरून चाचे यायचे तेव्हा.
आत शिरायला एक वेस,
आणि पुढे बोळांचा मुद्दाम केलेला चकवा.

चाच्यांसाठी रचलेल्या त्या चकव्यात
मी सापडले, नोव्हेंबरच्या एका मंगळवारी,
हातात भाड्याच्या गाडीची किल्ली,
आणि फोनमधला निळा ठिपका
कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभा.

तिसऱ्यांदा त्याच कमानीखालून गेले
तेव्हा उंबऱ्यावरच्या बाईने
शेजारची खुर्ची पायाने पुढे ढकलली.

आंगेरू. छातीवर बोट टेकवून नाव सांगितलं.
मांडीवर परात, परातीत मस्तकी.
आमच्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात
पुडीतून मिळते ती रुमी मस्तकी.
इथे, खिऑसच्या दक्षिणेला, तिची झाडं आहेत.
उन्हाळ्यात खोडाला चिरा देतात,
बुंध्याशी पांढरी माती अंथरतात,
आणि झाड ठिबकायची वाट बघतात.

एक खडा तिने उजेडात धरला.
"दाक्री," म्हणाली,
आणि डोळ्याखालून गालापर्यंत बोट ओढलं.
मग मला एक बोथट चाकू दिला.
अश्रूंना लागलेली माती खरवडायची, इतकंच काम.

तासभर खरवडत होतो.
एक खडा मी दाढेखाली धरला:
आधी कडू, मग ओल्या लाकडासारखा,
मग नुसताच थंड.
तिने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.
किलोला भाव काय असतो ते मला नंतर कळलं.

मग तिने स्वतःच्या गुडघ्यांवर दोन चापट्या मारल्या,
जिन्याकडे पाहून मान हलवली.
वर, गच्चीकडे बोट.
बोटं हवेत फडफडवत वर नेली.
तळवा उलटा केला: किती?

मी चढले.
गच्च्या एकमेकींत मिसळलेल्या.
पूर्वी पळायचे ते याच वाटेने,
छपरावरून छपरावर, मधल्या बुरुजापर्यंत.
आता पाण्याच्या टाक्या, डिश,
दोरीवर एकच पायमोजा,
कुणाच्या तरी कोसळलेल्या छतातून
खांद्याएवढं वर आलेलं अंजिराचं झाड.
आणि चिमण्या. मोजू लागले, उडाल्या.
खाली येऊन दोन्ही हात पसरले: पुष्कळ!

ती इतकी हसली की परात हलली.
काडी ओढली, विझवली,
आणि वर जाणारी बारीक राखाडी रेघ
बोटाने दाखवत राहिली.

चिमणीच. पण दुसरी.
माझ्याच भाषेने मला फसवलं,
जी तिला येतही नव्हती.

पुन्हा वर. ऊन कललेलं, वारा पडलेला,
चुली पेटायची वेळ.
या खेपेस सावकाश मोजलं.
पश्चिमेला एक. चर्चमागे दोन, जवळजवळ.
वेशीपाशी एक, काळसर, ओलं लाकूड असावं.
बाकी सगळी घरं कुलपात,
पुढच्या जूनच्या पाहुण्यांसाठी.

खाली येऊन चार बोटं धरली.
तिने एकेक बोट चिमटीत घेऊन नाव घेतलं:
इसिदोरोस. मार्कूला. मार्कूलाची बहीण.
चौथ्याशी फक्त तोंड वाकडं केलं,
नाव काही सांगितलं नाही.
मग मी दुमडून ठेवलेला अंगठा
ओढून बाहेर काढला,
आणि आपल्या छातीवर टेकवला.

वर मी उभी होते
ती तिच्याच धुराड्याला पाठ लावून.
ऊब लागत होती.
मला वाटलं, उन्हाची.

गाडीपाशी पोचले तोवर अंधार.
बाहेरून गाव म्हणजे नुसती भिंत,
धूर होता की नाही, दिसेना.
स्टिअरिंगवर हात ठेवला
तर बोटं चिकटली,
राळेने,
पाचही.