फुली

पावलाच्या पाठीवर बॉलपेनाची फुली.
दिवसपाळीच्या बोझेनाने काढलेली.
इथे नाडी सापडते.
सापडली तर.

रात्री अकराला माझी पहिली फेरी.
पालथा हात या घोट्यावर, मग त्या घोट्यावर,
ऊब सारखी आहे का.
अंगठ्याचं नख दाबून सोडते, एक, दोन,
आणि पांढऱ्यात गुलाबी परत येतं,
उशिरा घरी आलेल्या पोरासारखं, मान खाली घालून.
जांघेतल्या टाक्यांवर टॉर्च. कोरडे.
लिहिते.

इग्नात्सी जागेच असतात.
एकतीस वर्षं वूचच्या सूतगिरणीत,
धागा तुटला की चाती न थांबवता सांधायचे.
आता त्यांच्याच मांडीतली शीर काढून,
उलटी करून, गुडघ्याखाली सांधली आहे.
“गाठ दिसते का हो?” विचारतात.
“दिसली तर काम कच्चं.”

चार वर्षं प्योत्रकोव्स्का रस्त्यावर
दर पन्नास पावलांनी ते काचेपुढे थांबायचे.
शिवणयंत्रं. बायकांचे मोजे. टोप्या.
पोटरीतला निखारा विझेपर्यंत किमती वाचायच्या.
येड्विगाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला हौस सुटली.
नाताळला त्यांनी आणलीच ती करडी टोपी.
“मी ती कधी पाहिलीच नव्हती,” इग्नात्सी म्हणतात.
टोपी आता उशाच्या कपाटावर,
शेजारी पाण्याचा पेला, आणि सिगारेट सोडल्याचा
सहावा दिवस.

तीन वाजता
फुलीवर बोट ठेवलं, तर काहीच नाही.
पाय गार नाही. पण काहीच नाही.
जेलचा थेंब, यंत्राचं टोक,
नुसती खरखर, रिकाम्या रेडिओसारखी.
डॉक्टरांचा नंबर मला पाठ आहे.
मग आठवलं, पहिल्या वर्षी शिकवलेलं:
हात हलका कर. घाबरलेला हात शिरेलाच दाबतो.
हलका केला.
सप्. सप्. सप्.

“हॉल नंबर चार,” ते डोळे मिटून म्हणाले,
“दुपारची पाळी.”
मी काही बोलले नाही.
माझ्या बगलांना घाम आला होता.

पहाटे पायावर पाय टाकून झोपलेले.
हळूच सोडवले, टाच उशीवर अधांतरी ठेवली.
जेलने फुली पुसट झालेली,
पेन घेऊन गिरवली.
पाय आखडून घेत ते हसले,
“अहो, गुदगुल्या होतात!”

तक्त्यावर लिहिलं:
संवेदना आहे.