साध्य : होय / नाही

डिसेंबर, तिसरा आठवडा. विषय : नाताळ.
उद्दिष्ट : एक ते दहा मोजणे, रंगओळख,
बोटांच्या स्नायूंचा विकास.
पुढे दोन रकाने, होय आणि नाही.
एकात खूण करायची
आणि शुक्रवारी पर्यवेक्षिकाबाईंना दाखवायची.

झाड हवं होतं. बाजारात प्लास्टिकचं साडेचारशेला,
म्हणून मी आणि मदतनीस शेवंता
किनाऱ्यावरून सुरूची पडलेली फांदी ओढत आणली.
बंदरापासून अंगणवाडीपर्यंत वाळूत तिची रेघ.
सकाळी मुलं त्या रेघेवरूनच आली,
हात पसरून, एकामागे एक, तोल सांभाळत.
हे उद्दिष्टात नव्हतं.

मग कापूस चिकटवायचा, बर्फ म्हणून.
ओजल गिरपने तो बोटाने दाबला, नाकाशी नेला.
“बाई, ह्यो बर्फ न्हय.
बर्फ खोक्यात असता, बांगड्यांवर.
आणि तेका वास येता.”
वर्गाने माना डोलावल्या.
पहाटे यांचे बाप, मामा, आजे
बर्फाच्या कारखान्यासमोर खोके घेऊन उभे असतात,
यांना कोण फसवणार?
मी तक्त्यावरचा पांढराफेक उतार पाहिला,
लाल टोपीचा म्हातारा, त्याची बिनचाकांची गाडी,
आणि कापसाची पिशवी
प्रथमोपचाराच्या पेटीत परत ठेवली.

मोजणी झाली. मणी पुरेनात, म्हणून शिंपल्या घेतल्या,
भोक असलेल्या, दोऱ्यात ओवून फांदीला बांधायच्या. दहा.
तनुष सहापर्यंत नीट जातो, मग एकदम दहा म्हणतो.
सात, आठ, नऊ त्याला आवडत नाहीत.
त्याच्या तीन शिंपल्या खिडकीत ठेवल्या,
आवडतील तेव्हा.

आल्विटो आठवडाभर गप्प.
नाताळ खरा असा त्या एकट्याच्याच घरी,
दारात बांबूच्या काड्यांची चांदणी,
आईच्या बोटांना नेवऱ्यांच्या सारणाची वेलची.
मला वाटलं होतं, हा पुढे येऊन सगळं सांगेल.
तो चपलांपाशी बसून राहिला,
आपल्याच लग्नात पंगतीला उशिरा पोचल्यासारखा.

गोठा करायला घेतला. पुठ्ठ्याचा खोका, वाळलेलं गवत,
मातीची गाय, जिला जुहेरने मिशा काढल्या.
बाळ कुठे निजवायचं?
गव्हाणीत, मी म्हटलं.
गव्हाण कुणालाच ठाऊक नव्हती.
आमच्या वस्तीत गाई नाहीत. मांजरं आहेत.

तेव्हा आल्विटो उठला.
हात तुटलेली बाहुली उचलली, कोपऱ्यात गेला,
आणि छताला टांगलेल्या वजनकाट्याच्या झोळीत
तिला अलगद ठेवली.
“बाई, हयसर. आमका हयसरच घालतत.”

काटा जरासा हलला.
दोनशे ग्रॅम, मी वाचलं.
“लय बारीक हा,” शेवंता म्हणाली, सवयीने,
आणि मुलं धावली.
कुणी उकडलेलं अंडं आणलं, आज मिळालेलं, न सोललेलं,
कुणी मुठीतला सुका जवळा,
जुहेरने शेंगदाण्याच्या लाडवाचा अर्धा,
अर्धा तोंडात होता.
तनुषने खिडकीतल्या तीन शिंपल्या झोळीत टाकल्या,
मोठ्याने मोजून :
एक, दोन, दहा.

शुक्रवारी पर्यवेक्षिकाबाई आल्या.
फांदी पाहिली, मिशीवाली गाय पाहिली,
झोळीत वाकल्या. जवळ्याचा वास आला असणार.
“हे कोण? पटावर नाव कुठाय?”

मी काही बोलण्याआधी
चपलांपाशी कुणीतरी उभं राहिलं.
“तो अजून जल्माक येवक नाय, बाई.
येत्या गुरवारी येतलो.”

बाईंनी होयचा रकाना पाहिला, नाहीचा पाहिला,
आणि पेनाला टोपण लावलं.